फॅम्यूचा ‘मार्चिंग १००’ बँड : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कधी पॅरिसच्या फॅशन शोची क्लिप व्हॉट्सॲपवर फिरते, कधी कुणाच्या मुलाला फ्लोरिडात प्रवेश मिळतो, आणि या बँडबद्दलचे प्रश्न पुन्हा येऊ लागतात. वारंवार येणारे प्रश्न इथे एका जागी आणले आहेत. सोपे आधी, अडचणीचे नंतर. एखाद्या मुद्द्याचं उत्तर दुसरीकडे असेल तर त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. मार्चिंग १०० म्हणजे नक्की काय?

फ्लोरिडा ए अँड एम युनिव्हर्सिटी, म्हणजे बोलण्यातलं ‘फॅम्यू’, या विद्यापीठाचा हा मार्चिंग बँड. गाव टॅलाहासी, फ्लोरिडा राज्याची राजधानी. रंग केशरी आणि हिरवा. फुटबॉल संघाचं नाव रॅटलर्स, म्हणजे खुळखुळ्या शेपटीचे विषारी साप. वाजवणारे सगळे विद्यार्थी असतात. कुणी औषधनिर्माण शिकत असतं, कुणी पत्रकारिता, काही जण संगीतही. फुटबॉलच्या मोसमात सामन्याच्या मध्यंतराला मैदानावर उतरून वाजवत, चालत, नाचत कार्यक्रम करणं हे त्यांचं मुख्य काम. (हा अमेरिकन फुटबॉल; आपला नव्हे.)

२. ‘एचबीसीयू’ हा शब्द सारखा येतो. तो काय प्रकार आहे?

कृष्णवर्णीयांच्या शिक्षणासाठी काढलेली अमेरिकेतली ऐतिहासिक कॉलेजं आणि विद्यापीठं. अमेरिकेतलं यादवी युद्ध १८६५ मध्ये संपलं, गुलामगिरी गेली, पण दक्षिणेतल्या गोऱ्यांच्या कॉलेजांचे दरवाजे बंदच राहिले. तेव्हा चर्चसंस्थांनी, कृष्णवर्णीय समाजाने आणि पुढे राज्य सरकारांनी वेगळ्या संस्था काढल्या. १९६५ च्या उच्च शिक्षण कायद्याने त्यांना अधिकृत व्याख्या दिली : १९६४ पूर्वी स्थापन झालेली आणि कृष्णवर्णीयांचं शिक्षण हा मुख्य हेतू असलेली संस्था. अशा संस्था आज साधारण शंभर आहेत.

फॅम्यू ३ ऑक्टोबर १८८७ रोजी सुरू झालं तेव्हा पंधरा विद्यार्थी आणि दोन शिक्षक होते. १८९० मध्ये केंद्राने राज्यांना बजावलं की शेती आणि यंत्रविद्येच्या कॉलेजांसाठी पैसा हवा असेल तर कृष्णवर्णीयांना प्रवेश द्या, नाहीतर त्यांच्यासाठी वेगळं कॉलेज काढा. दक्षिणेने दुसरी वाट धरली. नावातलं ‘ए अँड एम’ तिथून आलं. अनुदान मात्र शेजारच्या गोऱ्या विद्यापीठांच्या तुलनेत तुटपुंजं, आणि बँडची गोष्ट या तुटपुंजेपणातच घडली आहे.

३. शेतीच्या कॉलेजात बँड कुठून आला?

लष्करातून. यादवी युद्धानंतर पितळी वाद्यं, कवायत आणि कूच यांचं वेड अमेरिकाभर पसरलं होतं, आणि कृष्णवर्णीय कॉलेजांमध्ये लष्करी कवायत शिकवली जाई. ‘ब्लूज’ संगीताचे जनक म्हणून ओळखले जाणारे डब्ल्यू. सी. हँडी १९०० ते १९०२ या काळात अलाबामातल्या अशाच एका कॉलेजात संगीत शिकवत आणि बँड चालवत होते. पहिल्या महायुद्धात ३६९ व्या पायदळ रेजिमेंटच्या कृष्णवर्णीय बँडने जेम्स रीस युरोप यांच्या हाताखाली फ्रान्स गाजवला, आणि लष्करी चाल व जॅझ एकाच वाद्यातून वाजू शकतात हे दाखवून दिलं.

फॅम्यूत बँड १८९२ मध्ये सुरू झाला, सोळा वाद्यांवर. पहिले संचालक पी. ए. व्हॅन वेलर. पुढची पन्नास-एक वर्षं तो इतर कॉलेजांच्या बँडसारखाच एक बँड होता. नाव झालं ते १९४६ नंतर. त्यासाठी पुढचा प्रश्न.

४. विल्यम फॉस्टर यांचं नाव एवढ्या आदराने का घेतात?

कारण आज जो बँड दिसतो तो त्यांनी घडवला, आणि अमेरिकेतल्या इतर असंख्य बँडवर त्यांची सावली आहे.

फॉस्टर १९१९ चे, कॅन्सस राज्यातल्या कॅन्सस सिटीचे. क्लॅरिनेट वाजवायचे. १९४१ मध्ये कॅन्सस विद्यापीठातून संगीतशिक्षणाची पदवी घेतली. वाद्यवृंद चालवायचा हे मनाशी पक्कं होतं. पण कृष्णवर्णीय संचालकाला अशी नोकरी कुठे नाही, असं तिथल्या अधिष्ठात्यांनी त्यांना सांगितलं. पुढे मुलाखतींमध्ये फॉस्टर ही आठवण सांगत, आणि कॅन्ससच्या बँडला मागे टाकेल असा कृष्णवर्णीयांचा बँड उभा करायचा हे आपण तेव्हाच ठरवलं, असंही म्हणत.

मिझुरीतल्या स्प्रिंगफील्डची एक शाळा, जॉर्जियातलं फोर्ट व्हॅली कॉलेज, मग अलाबामातलं टस्कीगी अशा नोकऱ्या करत ते १९४६ मध्ये टॅलाहासीला आले आणि १९९८ पर्यंत, म्हणजे बावन्न वर्षं, तिथेच राहिले. मधल्या काळात १९५५ मध्ये न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठाच्या टीचर्स कॉलेजमधून डॉक्टरेट केली. १९६८ मध्ये मैदानावरच्या बँडकलेवर त्यांनी लिहिलेलं पुस्तक बँडमास्तरांच्या अनेक पिढ्यांनी वापरलं. अमेरिकन बँडमास्टर्स असोसिएशन या मानाच्या संस्थेचे ते अध्यक्ष झाले. नोकरी नाही म्हणून सांगितलेल्या माणसाने, नोकरी देणाऱ्यांच्या पंगतीत मुख्य पाट मिळवला. २०१० च्या ऑगस्टमध्ये वयाच्या ९१ व्या वर्षी ते गेले.

त्यांचं वेगळेपण माझ्या मते दुहेरी होतं. एकीकडे ते सुराबाबत शास्त्रीय वळणाचे : आधी स्वर शुद्ध, मग जोर. दुसरीकडे, रेडिओवर काल आलेलं गाणं शनिवारी मैदानावर वाजलं पाहिजे हा हट्ट. त्या काळच्या बहुतेक बँडमास्तरांना यातलं एकच पटायचं.

५. नाव शंभर, आणि मैदानावर तर तीनशे-चारशे जण दिसतात. असं कसं?

१९५० च्या सुमारास वादकांची संख्या शंभरावर गेली तेव्हा हे नाव रुळलं. त्या काळी शंभर हा आकडा मिरवण्यासारखा होता. बँड वाढत गेला, नाव तेच राहिलं. जुने वादक आजही नुसतं ‘द हंड्रेड’ म्हणतात. संख्या २०११ पर्यंत चारशेच्या पुढे गेली होती, आणि हे वाढणं निव्वळ कौतुकाचं नव्हतं. प्रश्न १३ पाहा.

६. हे मैदानावर असं काय करतात, जे दुसरे करत नव्हते?

फॅम्यूकडून सांगितलं जातं की आज सर्रास वापरली जाणारी तीसेक तंत्रं मार्चिंग १०० ने रूढ केली. कुठली गोष्ट पहिल्यांदा कुणी केली हे सिद्ध करणं कठीण, आणि या क्षेत्रात प्रत्येक कॉलेज ‘आम्हीच पहिले’ म्हणतं. पण काही गोष्टींवर त्यांचा ठसा निर्विवाद आहे.

सगळ्यात प्रसिद्ध म्हणजे चालीचा वेग. साधी कूच मिनिटाला १२० पावलांची. फॉस्टर यांनी ती २४० आणि ३०० वर नेली आणि दुसऱ्या टोकाला २० वर आणली. मिनिटाला वीस म्हणजे तीन सेकंदांना एक पाऊल. करून बघा : गुडघा कमरेपर्यंत उचलायचा, मांडी जमिनीला समांतर, पायाचा चवडा खाली रोखलेला, दोन्ही हातांत वाद्य, आणि तसंच एका पायावर थांबायचं. शेजारचा डुलला तर अख्खी रांग वाकडी दिसते. आणि हे चालू असताना तोंडाने वाजवायचंही. मग शिट्टी होते आणि तेच दोनशे-तीनशे जण सेकंदाला पाच पावलांच्या गतीने सुटतात. स्टेडियम उठतं ते इथे.

दुसरी गोष्ट पाठांतर. वाद्याला कागद अडकवून वाजवणं तेव्हा अनेक बँडमध्ये चालायचं. इथे गॅलरीत, मिरवणुकीत, मैदानावर, सगळं तोंडपाठ. कागदाला डोळे अडकलेला माणूस नाचू शकत नाही, आणि वाजवता वाजवता नाचणं हा तर कार्यक्रमाचा गाभा.

७. बाकीच्या अमेरिकन कॉलेजांचे बँड वेगळे वाटतात. फरक काय?

ढोबळमानाने दोन घराणी आहेत. मोठ्या, प्रामुख्याने गोऱ्या विद्यापीठांत पाय जमिनीलगत सरकवत, वरचं शरीर स्थिर ठेवून मैदानभर भौमितिक आकृत्या करण्याकडे कल असतो. एचबीसीयूंच्या बँडना ‘शो बँड’ म्हणतात : गुडघे उंच, वाद्यं डावी-उजवीकडे झुलती, सोल-फंक-हिप हॉप, नाच, आणि पुढे कमरेतून मागे वाकणारे ड्रम मेजर, म्हणजे बँडच्या पुढे राहून त्याला चालवणारे विद्यार्थी-म्होरके. शिवाय सामना संपला तरी प्रेक्षक हलत नाहीत. दोन्ही बँड गॅलरीतून एकमेकांना गाण्याने उत्तरं देत बसतात. फुटबॉलचे चार ‘क्वार्टर’ असतात, म्हणून याला ‘पाचवा क्वार्टर’ म्हणतात. माझ्या मते सामन्यापेक्षा तोच बघण्यासारखा.

८. म्हणजे आपल्या ढोल-ताशा पथकासारखंच ना?

हा प्रश्न पुण्याहून सर्वाधिक येतो. साम्य आहे : शिकणारी-नोकरी करणारी तरुण मंडळी, आधीचे दोन महिने रोजचा सराव, गणवेशाचा अभिमान, कुठल्या पथकाचा याची छातीवर मिरवलेली ओळख. फरकही मोठा आहे. पथकात तालाचं राज्य. इथे ताल हा पाया, आणि त्यावर ट्रम्पेट, ट्रॉम्बोन, सॅक्सोफोन, क्लॅरिनेट, पिकोलो आणि अंगाभोवती गुंडाळलेला सूझाफोन असे चार-पाच पदरी सूर एकाच वेळी. प्रत्येकाचं मैदानावरचं स्थान पावलापावलाने ठरलेलं. स्वरलिपी वाचता येणं गरजेचं. शिवाय हा अभ्यासक्रमाचा भाग आहे, त्याला गुण असतात.

९. टॅलाहासीत एफएसयूही आहे. दोघांचा बँड एकच का?

नाही. फ्लोरिडा स्टेट युनिव्हर्सिटी (एफएसयू) हे त्याच गावातलं वेगळं विद्यापीठ. त्यांच्या बँडचं नाव मार्चिंग चीफ्स. गोंधळ होण्याचं कारण म्हणजे अभियांत्रिकीचं कॉलेज दोघांचं सामाईक आहे : फॅम्यू-एफएसयू कॉलेज ऑफ इंजिनिअरिंग, स्थापना १९८२. आपल्याकडची मुलं या कॉलेजात एमएस-पीएचडीला जातात तेव्हा घरच्यांना दोन्ही नावं एकत्र ऐकू येतात. कॉलेज एक असलं तरी विद्यार्थ्याची नोंदणी एका विद्यापीठातच असते, आणि बँडसाठी ते महत्त्वाचं ठरतं (प्रश्न १६).

एका गावात दोन सरकारी विद्यापीठं का, याचं उत्तर प्रश्न २ मध्येच आहे. एक गोऱ्यांसाठी होतं, एक काळ्यांसाठी. १९५६ मध्ये याच गावात फॅम्यूच्या दोन विद्यार्थिनी बसमध्ये गोऱ्यांच्या बाजूला बसल्या म्हणून त्यांना अटक झाली आणि शहरात बसबहिष्काराचं आंदोलन पेटलं.

१०. टीव्ही नव्हता त्या काळात लोकांना हा बँड कसा कळला?

ऑरेंज ब्लॉसम क्लासिकमुळे. फॅम्यूने १९३३ मध्ये सुरू केलेला हा वार्षिक सामना १९४७ पासून मायामीत होऊ लागला. देशभरातल्या एखाद्या तगड्या कृष्णवर्णीय कॉलेजसंघाला बोलवायचं, आदल्या-दुसऱ्या दिवशी वस्तीतून मिरवणूक काढायची, आणि स्टेडियम भरायचं. शहरातली बरीच हॉटेलं आणि किनारे ज्यांना बंद होते, ते लोक त्या दिवशी रस्त्याच्या दुतर्फा उभे राहून आपल्या मुलांचा बँड बघायचे. मायामीतल्या कितीतरी शाळकरी मुलांनी तिथेच ठरवलं की जायचं तर टॅलाहासीला.

जॅझमधले कॅननबॉल आणि नॅट ॲडर्ली हे भाऊही फॅम्यूत शिकलेले. कॅननबॉल पुढे नामवंत ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिसच्या गटात सॅक्सोफोन वाजवत होता.

११. पॅरिसला गेले होते ते कधी? १९८९ की २०२२?

दोन्ही वेळा, क्लिप पाठवणारे मात्र दोन्हींची सरमिसळ करतात.

१४ जुलै १९८९ रोजी फ्रेंच राज्यक्रांतीच्या द्विशताब्दीची मोठी मिरवणूक शाँज-एलिझेवरून निघाली. तिची आखणी फ्रेंच डिझाइनर ज्याँ-पॉल गूद यांनी केली होती. अमेरिकेचा प्रतिनिधी म्हणून फ्रान्सने निवडला तो मार्चिंग १००. त्यांनी सोल-फंक गायक जेम्स ब्राउनची गाणी वाजवली आणि वाद्यं हातात घेऊन मागे सरकत ‘मूनवॉक’ केला. जगापुढे अमेरिकेचं संगीत म्हणून काय ठेवायचं, हे त्या रात्री एका कृष्णवर्णीय कॉलेजच्या मुलांनी ठरवलं. या बँडच्या इतिहासातला हा सर्वोच्च क्षण, असं माझं मत आहे.

जून २०२२ मधला कार्यक्रम लुई व्हित्तोंच्या पुरुष-फॅशन शोचा. दिवंगत डिझाइनर व्हर्जिल ॲब्लो यांना मानवंदना होती.

१२. सुपर बोलमध्ये वाजवणारा हा पहिला कृष्णवर्णीय बँड का? आणि सगळ्यात चांगला बँड कोणता?

पहिला नाही. सुपर बोल म्हणजे अमेरिकन व्यावसायिक फुटबॉलचा वार्षिक अंतिम सामना. १९६७ च्या पहिल्याच सुपर बोलमध्ये लुईझियानाच्या ग्रॅम्बलिंग कॉलेजचा बँड होता. मार्चिंग १०० ने १९६९ मध्ये मायामीत वाजवलं, आणि २००७ मध्ये मायामीतच, कोसळत्या पावसात, गायक प्रिन्सबरोबर. क्लिंटन आणि ओबामा यांच्या शपथविधीच्या मिरवणुकींतही तो होता.

सर्वोत्तम कोण, यावर लुईझियानातल्या सदर्न विद्यापीठाच्या किंवा मिसिसिपीतल्या जॅक्सन स्टेटच्या माणसासमोर बोलू नये. अधिकृत मान म्हणाल तर कॉलेज बँडसाठीची सडलर ट्रॉफी १९८५ मध्ये मार्चिंग १०० ला मिळाली. एचबीसीयूंमधला तो पहिला. ग्रॅमी मात्र टेनेसी स्टेटच्या बँडने मिळवली, २०२३ मध्ये.

१३. २०११ मध्ये काय झालं होतं?

१९ नोव्हेंबर २०११. ओरलँडोमध्ये बेथून-कुकमन विद्यापीठाशी होणारा वार्षिक सामना, फ्लोरिडा क्लासिक, संपला होता. रात्री हॉटेलच्या आवारात उभ्या असलेल्या बँडच्या एका बसमध्ये, ‘बस सी’मध्ये, ड्रम मेजर रॉबर्ट चॅम्पियन याला सहकाऱ्यांनी मारहाण केली. बसच्या पुढच्या दारापासून मागच्या टोकापर्यंत दोन्ही बाजूंचे फटके, बुक्के, लाथा सोसत जायचं, असा तो ‘विधी’ होता. त्याच रात्री तो गेला. वय २६. मारहाणीमुळे झालेल्या अंतर्गत रक्तस्रावाने मृत्यू आल्याचं शवविच्छेदनात निघालं आणि हा मनुष्यवध ठरवण्यात आला. रॅगिंगला त्याचा विरोध होता, असं त्याचं कुटुंब सांगत आलं आहे.

पंधरा जणांवर गुन्हे दाखल झाले. बहुतेकांनी तडजोडीत गुन्हा कबूल केला. मुख्य आरोपीला २०१५ मध्ये ७७ महिन्यांची शिक्षा झाली. बँड निलंबित झाला, संचालक ज्युलियन व्हाइट निवृत्त झाले, विद्यापीठाचे अध्यक्ष जेम्स अॅमन्स यांनी राजीनामा दिला. २०१५ मध्ये विद्यापीठाने कुटुंबाची माफी मागून ११ लाख डॉलरची तडजोड केली.

चौकशीत आणखी एक गोष्ट उघडी पडली : बँडमध्ये वाजवणारे काही जण फॅम्यूचे विद्यार्थीच नव्हते. चारशेवर माणसं, अनेक बसगाड्या, आणि कोण कुठे आहे यावर लक्ष ठेवणारे मोजके शिक्षक.

१४. ही एखादीच घटना होती, की आधीपासून चालत आलेलं होतं?

आधीपासूनचं. १९९८ आणि २००१ मध्येही वादक मारहाणीनंतर रुग्णालयात पोचले होते, मूत्रपिंडाला इजा झाली होती, खटले झाले होते. फ्लोरिडात २००५ पासून रॅगिंग हा गंभीर गुन्हा होता. म्हणजे कायदा होता, माहिती होती, नियमही होते.

‘शिस्तीसाठी थोडं असायचंच’ असं आपल्याकडे हॉस्टेलबद्दल बोलतात तसंच तिथेही बोललं जायचं. मला ते अजिबात पटत नाही. फॉस्टर यांची शिस्त उघड्या मैदानावर, सगळ्यांसमोर, वाजवण्या-चालण्यापुरती होती. बसमधली ‘शिस्त’ ज्येष्ठांनी अंधारात चालवलेली. पण दोन्हींचं मूळ एकाच अभिमानात होतं हे नाकारता येत नाही : आपल्यातला होण्यासाठी किंमत मोजावी लागते, ही भावना. बँडच्या मोठेपणाबद्दल लिहिताना हे वगळणारे लेख मी बाजूला ठेवतो, आणि फक्त हेच लिहिणारेही.

१५. मग बँड कायमचा बंद का नाही केला?

मागणी झाली होती. विद्यापीठाने निलंबनाचा काळ नियम बदलण्यासाठी वापरला : फॅम्यूचाच पूर्णवेळ विद्यार्थी हवा, किमान गुण हवेत, बँडमध्ये राहण्याला चार वर्षांची मर्यादा, सरावाच्या तासांवर बंधन, आणि नियमपालनासाठी स्वतंत्र अधिकारी. नवे संचालक सिल्व्हेस्टर यंग यांच्याकडे सूत्रं देऊन १ सप्टेंबर २०१३ रोजी बँड परतला, तोही ओरलँडोतच. आकार पूर्वीपेक्षा बराच लहान होता. २०१६ पासून सूत्रं शेल्बी चिपमन यांच्याकडे गेली. ते स्वतः याच बँडमध्ये वाढलेले.

१६. भारतीय विद्यार्थ्याला या बँडमध्ये घेतात का? कृष्णवर्णीय असावं लागतं का?

असावं लागत नाही. फॅम्यू हे सरकारी विद्यापीठ आहे, प्रवेश सर्वांना खुला आहे. अट नोंदणीची : तुम्ही फॅम्यूचे विद्यार्थी हवेत. सामाईक अभियांत्रिकी कॉलेजात असाल पण नोंदणी एफएसयूकडे असेल, तर २०१३ नंतरच्या नियमांत बसत नाही. वाद्य येत असल्याचं चाचणीत दाखवावं लागतं. सत्र सुरू होण्याआधी ऑगस्टच्या उन्हात ‘प्री-ड्रिल’ असतं, तिथे बरेच गळतात. बासरी किंवा तबला येतो, चालेल का, असंही विचारतात. तालाची जाण उपयोगी पडेल, पण बँडमधलं वाद्य आणि पाश्चात्त्य स्वरलिपी शिकल्याशिवाय नाही.

१७. प्रत्यक्ष कुठे आणि कधी बघता येईल?

सप्टेंबर ते नोव्हेंबर, टॅलाहासीच्या ब्रॅग मेमोरियल स्टेडियममध्ये घरचे सामने असतात. सगळ्यात मोठी गर्दी ओरलँडोच्या फ्लोरिडा क्लासिकला, नोव्हेंबरमध्ये. डिस्ने वर्ल्डच्या सहलीला जोडून ते सहज जमतं, आणि ओरलँडोतल्या मराठी मंडळींना सामन्याची तारीख नक्की ठाऊक असते. दोन सूचना. खायला आणायला मध्यंतरात उठू नका. तिथले प्रेक्षक खेळ चालू असताना खायला जातात आणि मध्यंतराला जागेवर येऊन बसतात. आणि जागा शक्यतो वरच्या रांगेत घ्या, आकृत्या खालून दिसत नाहीत.